कंट्री म्हणजे देशी नव्हे!

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. सबमिशनची आदली रात्र, अर्धं जर्नल कोरं, आणि मी हळू आवाजात गाणी लावून बसलेली. रूममेटने मान वर न करता विचारलं, "कोण गाते गं ही?"

"लोरेटा लिन. कंट्री सिंगर आहे."

आता मात्र तिने मान वर केली. "कंट्री? म्हणजे पिऊन गाते?"

तिची काहीच चूक नाही. आपल्याकडे कंट्री म्हणजे देशी, आणि देशी म्हणजे काय हे हॉस्टेलवर कोणाला समजवायला नको. (रेक्टर मॅडम, हे सगळं ऐकीव ज्ञान आहे!) मी तिला सांगायला बसले आणि बघता बघता तास गेला. जर्नल राहिलं ते राहिलंच. नंतर मराठी विभागाच्या संपादकांनी "काहीतरी दे, तुझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीत दे, ऱ्हस्व-दीर्घ आम्ही बघू" असं म्हटलं, तेव्हा ठरवलं की तोच तास कागदावर उतरवायचा. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, चुका दिसल्या तर त्यांना पकडा, मला नाही.

तर आधी कंट्री म्हणजे काय? अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या भागात, खास करून अपलाचियन डोंगरांत, स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेली माणसं वसली. त्यांनी फिडल आणि जुनी लांबलचक कथागीतं सोबत आणली. बँजो आला तो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांकडून. त्यात चर्चमधली गाणी मिसळली. 1920 नंतर रेकॉर्ड कंपन्यांना कळलं की या गाण्यांना गिऱ्हाईक आहे, आणि त्यांनी त्याला 'हिलबिली' असं नाव दिलं. हिलबिली म्हणजे साधारण 'डोंगराळ भागातला अडाणी'. 'कंट्री' हे सभ्य नाव नंतरचं. आमच्या शाळेत सिंगिंगच्या तासाला सिस्टर 'टेक मी होम, कंट्री रोड्स' म्हणून घ्यायच्या, तुमच्यापैकी कॉन्व्हेंटवाल्यांनी सगळ्यांनी ते म्हटलं असणार. जॉन डेन्व्हरचं ते 1971 चं गाणं वेस्ट व्हर्जिनिया राज्याबद्दल आहे. त्याच्या अगदी शेजारचं राज्य केंटकी, आणि लोरेटा तिथली.

व्हॅन लीअर नावाच्या खाणगावाजवळ बुचर हॉलो म्हणून एक जागा आहे. तिकडचे लोक 'होलर' म्हणतात. होलर म्हणजे दोन डोंगरांमधली चिंचोळी घळ. या घळीतल्या एका लाकडी खोपटात 14 एप्रिल 1932 ला लोरेटा वेबचा जन्म झाला. आठ भावंडांत ती दुसरी. वडील टेड वेब कोळशाच्या खाणीत कामाला, शिवाय पोटापुरती थोडी शेती. घरात वीज नाही, नळ नाही. वारा आत येऊ नये म्हणून आईने भिंतींना वर्तमानपत्रांचे आणि मासिकांचे कागद चिकटवलेले. त्यात लोरेटा यंग या सिनेनटीचा फोटो होता, त्यावरून आपलं नाव पडलं असं ती सांगायची.

'गरिबीतून स्टार' अशा गोष्टी आपण इतक्या वाचलेल्या असतात की इथून पुढे काय होणार ते आपल्याला पाठ असतं. जिद्द, मेहनत, मग टाळ्या. मलाही आधी तसंच वाटलं. पण नीट वाचायला लागल्यावर मला वेगळाच प्रश्न पडला. त्या घळीतून नॅशव्हिलच्या स्टेजपर्यंत जायला रस्ता नक्की कुठला होता? जिद्द हे काही वाहन नाही. कशात बसून गेली ती?

माझं उत्तर : रेडिओत बसून. आणि मी ई अँड टीसीची असल्यामुळे पुढचे दोन परिच्छेद सहन करा.

लोरेटा अकरा वर्षांची वगैरे असताना वडिलांनी बॅटरीवर चालणारा एक रेडिओ आणला. त्या काळचे रेडिओ व्हॉल्व्हचे, बॅटरी भराभर खाणारे, आणि बॅटरी महाग. त्यामुळे तो येता-जाता लावायची सोय नव्हती. बातम्या, आणि शनिवारी रात्री 'ग्रँड ओल ऑप्री'. ऑप्री म्हणजे नॅशव्हिलमधून थेट प्रसारित होणारा गाण्यांचा कार्यक्रम, 1925 पासून चालू असलेला. त्याचं स्टेशन डब्ल्यूएसएम, 650 किलोहर्ट्झवर. गंमत म्हणजे हे स्टेशन एका विमा कंपनीने काढलेलं. डब्ल्यूएसएम ही कंपनीच्या 'वुई शील्ड मिलियन्स' या घोषवाक्याची आद्याक्षरं! दारोदार फिरणाऱ्या विमा एजंटला आत घ्यायला लोकांना काहीतरी कारण हवं, ते ऑप्रीने पुरवलं.

आता नॅशव्हिल तिथून काही शे किलोमीटर लांब, मध्ये डोंगर. मग खोपटात आवाज कसा यायचा? दिवसा वातावरणातला आयनोस्फिअरचा खालचा थर, डी लेयर, मिडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि लहरी वरच्या थरांपर्यंत पोचून तिथून वळून पुन्हा जमिनीवर उतरतात. म्हणून मिडियम वेव्हवर रात्री लांबलांबची स्टेशनं लागतात. (आजोबांना विचारा, त्यांना डी लेयर माहीत नसेल पण हे माहीत असतं.) त्यात 650 ही अमेरिकेतली 'क्लिअर चॅनल', म्हणजे रात्री त्या फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्या स्टेशनांची गर्दी होऊ द्यायची नाही असा सरकारी नियम. शिवाय 1932 मध्ये, म्हणजे लोरेटाच्याच जन्मवर्षी, डब्ल्यूएसएमने 50,000 वॉटचा ट्रान्समीटर आणि 800 फुटांपेक्षा उंच टॉवर उभा केला. टोकावर उभ्या केलेल्या लांबट पतंगासारखा दिसतो तो. अँटेना अँड वेव्ह प्रोपगेशन हा पेपर मी रट्टा मारून सोडवला होता. स्कायवेव्हची आकृती पाच मार्कांना येते एवढंच मला ठाऊक होतं. त्या आकृतीतला वाकडा बाण कोणाच्या तरी घरात जाऊन पडतो, हे लोरेटामुळे कळलं.

म्हणजे वीज पोचली नव्हती तिथे आवाज पोचला होता. तिने गाणं असं कोणाकडे शिकलंच नाही. आई म्हणायची ती जुनी गाणी आणि शनिवारची ऑप्री, एवढाच क्लास.

पुढचं सगळं फार लवकर झालं. डिसेंबर 1947 मध्ये तिला ऑलिव्हर लिन भेटला. त्याला सगळे डूलिटल किंवा नुसतं 'डू' म्हणत. महिन्याभरात, 10 जानेवारी 1948 ला लग्न. ती पंधरा वर्षांची, तो एकवीस. वर्ष संपायच्या आत दोघं अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, कॅनडाच्या सरहद्दीजवळ कस्टर नावाच्या गावी राहायला गेले. ती तेव्हा गरोदर होती. विशीला पोचेपर्यंत चार मुलं. मी आत्ता वीस वर्षांची आहे, आणि मेसचं कुपन वेळेवर काढायचं मला जमत नाही.

कस्टरला ती शेतमालकाच्या घरची कामं करायची, स्ट्रॉबेरी तोडायला जायची, कपडे धुवायची, मुलांना झोपवताना गायची. ते डू ऐकायचा. त्याला वाटायचं, रेडिओवरच्या बायकांपेक्षा ही काही कमी नाही. 1953 च्या सुमारास त्याने तिला 17 डॉलरची हार्मनी कंपनीची गिटार आणून दिली. ती अतिशय लाजाळू, लोकांसमोर उभं राहायच्या नावाने पाय कापायचे. पण गिटार हातात आली आणि ती एकटीच शिकत बसली.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगते, कारण कॉलेजच्या बँडमधले आपले मित्र कंट्रीला नाक मुरडतात. बरीचशी कंट्री गाणी तीन कॉर्डवर उभी असतात. तीन कॉर्ड आल्या की शेकडो गाणी वाजवता येतात. मग कौशल्य राहतं ते दोन ठिकाणी : आवाज आणि शब्द. हार्मनीचा कोर्स केला नसला तरी चालतं, पण सांगायला काहीतरी पाहिजे. चार मुलांच्या आईकडे सांगायला भरपूर होतं.

डूने तिला ढकलत ढकलत गावच्या हॉलमध्ये आणि बारमध्ये गायला लावलं. टकोमाच्या एका टीव्ही स्पर्धेत ती पहिली आली, बक्षीस मनगटी घड्याळ. ते पाहून व्हँकुव्हरच्या नॉर्म बर्ली नावाच्या लाकूड व्यापाऱ्याने पैसे घालायची तयारी दाखवली. 'झिरो रेकॉर्ड्स' नावाची चिमुकली कंपनी निघाली आणि फेब्रुवारी 1960 मध्ये लॉस एंजेलिसला रेकॉर्डिंग झालं. गाणं तिनेच लिहिलेलं, 'आय अ‍ॅम अ हाँकी टाँक गर्ल'. हाँकी टाँक म्हणजे तिकडचा गुत्ता. तेव्हा माझ्या रूममेटचा अंदाज अगदीच चुकला नव्हता!

आता खरा प्रॉब्लेम. झिरो रेकॉर्ड्सकडे दुकानांत माल पोचवणारं कोणी नाही, जाहिरातीला पैसा नाही. रेकॉर्ड छापून झाली, पण ऐकणार कोण? इथे डू आणि लोरेटाने जे केलं ते मला आपल्या मार्केटिंगच्या इलेक्टिव्हपेक्षा जास्त शहाणपणाचं वाटतं. त्या वेळी अमेरिकेत गावोगावी छोटी छोटी रेडिओ स्टेशनं होती. कुठली रेकॉर्ड लावायची हे बरेचदा तिथला डिस्क जॉकी स्वतः ठरवायचा. वर परवानगी मागायची भानगड नाही. म्हणजे हजारो दरवाजे, आणि प्रत्येक दरवाज्यामागे एकच माणूस. डूने तिचा एक फोटो काढला, आणि दोघांनी घरी बसून 3,500 रेकॉर्ड फोटोसकट स्टेशनांना पोस्टाने पाठवल्या. पत्ते, तिकिटं, चिकटवणं, सगळं हाताने.

मग मुलांची व्यवस्था लावून दोघं जुन्या गाडीत बसून निघाली. रस्त्यात जिथे रेडिओचा टॉवर दिसेल तिथे थांबायचं, आत जायचं, म्हणायचं ही मी, हे माझं गाणं, लावाल का? रात्री गाडीतच झोपायचं, ब्रेडमध्ये चीज आणि बोलोन्या, म्हणजे स्वस्तातलं सॉसेज, घालून खायचं. असं करत करत पश्चिम किनाऱ्यापासून नॅशव्हिलपर्यंत. गाणं वाजत गेलं, खपत गेलं, आणि बिलबोर्डच्या कंट्री यादीत 14 व्या नंबरला पोचलं. 15 ऑक्टोबर 1960 ला ती पहिल्यांदा ऑप्रीच्या स्टेजवर उभी राहिली. बॅटरी जपून जपून जो कार्यक्रम ऐकला, त्यातच. त्या रात्री तिचा आवाज त्याच पतंगाच्या टॉवरवरून बाहेर पडला आणि डोंगरांवरून केंटकीकडे गेला असणार. ऐकायला वडील मात्र नव्हते. 1959 च्या फेब्रुवारीत, बावन्नाव्या वर्षी, टेड वेब गेले. खाणीतली कोळशाची धूळ वर्षानुवर्षं फुफ्फुसात जाऊन होणारा 'ब्लॅक लंग' त्यांना होता. मुलीची एकही रेकॉर्ड त्यांनी ऐकली नाही.

नॅशव्हिलला टिकणं हे पोचण्यापेक्षा अवघड. तिथेही रेडिओच मदतीला आला. जून 1961 मध्ये त्या वेळची मोठी गायिका पॅट्सी क्लाइन कारच्या भीषण अपघातात सापडली. लोरेटाने अर्नेस्ट टब यांच्या रेकॉर्डच्या दुकानातून मध्यरात्री प्रसारित होणाऱ्या कार्यक्रमात पॅट्सीचंच गाणं तिला उद्देशून गायलं. हॉस्पिटलच्या पलंगावर पॅट्सीने ते रेडिओवर ऐकलं आणि नवऱ्याला पाठवून या नव्या मुलीला बोलावून घेतलं. एका गायिकेने दुसऱ्या नवख्या गायिकेला असं जवळ करावं हे तेव्हाच काय, आत्ताही दुर्मीळ. कपडे कसे घालायचे, स्टेजवर कसं यायचं, पैशांचं कसं बोलायचं, हे पॅट्सीने तिला शिकवलं. दोनच वर्षांत, 5 मार्च 1963 ला, पॅट्सी विमान अपघातात गेली. ती तीस वर्षांची होती. पुढच्या वर्षी लोरेटाला जुळ्या मुली झाल्या, त्यातल्या एकीचं नाव पॅट्सी.

लोरेटाचं नाव खऱ्या अर्थाने झालं ते डेका कंपनीसाठी ओवेन ब्रॅडली यांच्या देखरेखीखाली केलेल्या रेकॉर्डिंगमुळे, आणि विषयांमुळे. तोपर्यंत कंट्रीतली बाई बहुतेक वेळा रडत असायची. नवरा सोडून गेला, हाय रे दैवा. लोरेटाची बाई दारात उभी राहून जाब विचारते. पिऊन घरी आलास तर जवळ येऊ नकोस, असं बजावणारं तिचं गाणं फेब्रुवारी 1967 मध्ये कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. तिचं हे पहिलं नंबर वन. नवऱ्यामागे लागलेल्या बाईला सरळ ठोसे लगावायची धमकी देणारं 'फिस्ट सिटी' 1968 चं. व्हिएतनाम युद्धावर नवरा गेलेल्या बाईचं गाणं 1966 चं, घटस्फोटित बाईकडे समाज कसा बघतो त्यावरचं 1972 चं. 1972 मध्येच कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा सगळ्यात मोठा मान मिळवणारी ती पहिली बाई ठरली.

आणि हे कुठून येत होतं? घरातूनच. डू प्यायचा, बाहेर भानगडी करायचा, मारामारीही व्हायची. लोरेटा ते लपवायची नाही. त्याने मारलं की आपण दुप्पट परत देत असू, असं ती सांगायची. तरी 1996 मध्ये तो जाईपर्यंत दोघं एकत्र राहिली, आणि हा माणूस नसता तर आपण गायिका झालोच नसतो हेही ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. इथे माझा गोंधळ होतो. गिटार आणणारा, पाकिटांवर तिकिटं चिकटवणारा, रात्रभर गाडी चालवणारा हाच, आणि तिच्या संतापलेल्या गाण्यांचं कारणही हाच. त्याला हीरो म्हणावं तर जीभ रेटत नाही, व्हिलन म्हणावं तर हिशेब जुळत नाही. सुट्टीत घरी गेले तेव्हा आजीला ही सगळी गोष्ट सांगितली. आजीचं लग्नही पंधराव्या वर्षीच झालेलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ती गिटार शिकत होती तेव्हा मुलांचं कोण बघत होतं?"

"तीच."

"मग बरोबर," आजी म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. काय बरोबर, ते तिने सांगितलं नाही.

रेडिओने तिला वर नेलं खरं, पण त्याच रेडिओने दारही लावलं. 1975 मध्ये तिचं 'द पिल' आलं. गर्भनिरोधक गोळी. अमेरिकेत ही गोळी 1960 मध्ये, म्हणजे तिच्या पहिल्या रेकॉर्डच्याच वर्षी, मंजूर झाली होती. पण कंट्री गाण्यात एका बायकोने उघड म्हणावं की आता मुलं पुरे, गोळी माझ्या हातात आहे? गाणं 1972 मध्येच रेकॉर्ड झालं होतं, कंपनीने तीन वर्षं दाबून ठेवलं. बाहेर आल्यावर अनेक स्टेशनांनी ते लावायला नकार दिला. ज्या एकेकट्या डिस्क जॉकीमुळे ती वर आली, त्यांच्याच हातात 'नाही' म्हणायचीही ताकद होती. तरीही गाणं कंट्रीच्या यादीत पाचव्या नंबरपर्यंत गेलं, आणि पॉपच्या यादीतही शिरलं. खेड्यापाड्यांतले डॉक्टर आपल्याला येऊन सांगायचे की पत्रकं वाटून जे जमलं नाही ते या गाण्याने केलं, असं ती नंतर सांगायची. मुलं कमी असती तर बरं झालं असतं असंही ती मोकळेपणाने म्हणायची, आणि लगेच पुस्ती जोडायची की झालेली सगळी मला हवीच आहेत.

एक भाग सहसा अशा गोष्टींत येत नाही, तो मला मुद्दाम सांगायचा आहे. प्लेसमेंटच्या सीझनला आपण सगळे न वाचता सह्या ठोकणार आहोत म्हणून. नॅशव्हिलला आल्यावर विल्बर्न ब्रदर्स या भावांच्या जोडीने तिला डेकापर्यंत पोचवलं, टीव्हीवर आणलं. बदल्यात तिने त्यांच्या 'शुअर-फायर' या प्रकाशन कंपनीशी करार केला. गाण्याचे पैसे दोन वाटांनी येतात. रेकॉर्ड खपली की गाणाऱ्याला काही मिळतं, पण गाणं लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा, आणि तो सांभाळणाऱ्या प्रकाशकाकडे गाणं वाजेल तिथून पैसे येत राहतात, वर्षानुवर्षं. हा दुसरा झरा तिने सही करून देऊन टाकला होता. पुढे भांडण झालं, कोर्टकचेरी वर्षानुवर्षं चालली, पण गाण्यांचे हक्क तिला परत मिळाले नाहीत. मग तिने काय करावं? सत्तरच्या दशकात तिने लिहिणंच जवळजवळ थांबवलं. लिहिलं की ते त्यांचं होणार, मग लिहायचंच कशाला? कीर्तीच्या ऐन भरात, देशातल्या पहिल्या नंबरच्या गीतकार बाईने पेन खाली ठेवलं. हे मला त्या खोपटातल्या गरिबीपेक्षा जास्त लागलं.

त्याआधी मात्र तिने 'कोल मायनर्स डॉटर' लिहून ठेवलं होतं. तिचं बालपण, घळ, आईवडील. मूळ गाणं बरंच लांब होतं. ब्रॅडलींनी तिला काही कडवी कापायला लावली, कारण रेडिओला तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं चालायचं. 1969 मध्ये रेकॉर्ड झालं, 1970 च्या शेवटी नंबर वन. 30 डिसेंबर 1970 ला केंटकीतल्या हायडनजवळच्या खाणीत स्फोट होऊन 38 खाणकामगार गेले, तेव्हा त्यांच्या कुटुंबांसाठी लुईव्हिलला मोठा मदतनिधी कार्यक्रम तिने केला. 'खाणकामगाराची मुलगी' हे तिने नुसतं गाण्यापुरतं ठेवलं नाही. त्याच नावाने 1976 मध्ये आत्मचरित्र आलं, 1980 मध्ये सिनेमा. त्यात सिसी स्पेसेकने लोरेटा केली, सगळी गाणी स्वतःच्या आवाजात गायली आणि ऑस्कर नेलं. हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये कधी मॅचमधून जागा मिळाली तर बघाच.

त्या पुस्तकात आणि सिनेमात एक गोष्ट चुकीची आहे. तिचं लग्न तेराव्या वर्षी झालं असं तिथे आहे, आणि जगभर तेच छापलं गेलं. 2012 मध्ये एका वृत्तसंस्थेने जन्माचे आणि लग्नाचे सरकारी कागद बाहेर काढले, तेव्हा कळलं की ती पंधरा वर्षांची होती. तिने वय तीन वर्षांनी कमी सांगितलं होतं, आणि मग सगळा हिशेब तसाच सरकत गेला. काही जणांना हे कळल्यावर फसवल्यासारखं वाटलं. मला वाटलं, पंधरा हे काय कमी होतं? पण धंदा असा होता की जास्त वयाच्या गायिकेला कोणी विचारत नव्हतं. 1960 मध्ये ती अठ्ठावीस वर्षांची, चार मुलांची आई होती. तिने जे लपवलं ते गरिबी नव्हती. उशीर लपवला होता.

पैसा आल्यावर दोघांनी 1966 मध्ये टेनेसीत हरिकेन मिल्स नावाचं अख्खं गावच विकत घेतलं! तिथे आज तिच्या बुचर हॉलोच्या घराची हुबेहूब प्रतिकृती आहे, पर्यटक तिकीट काढून बघतात. 2004 मध्ये, बहात्तराव्या वर्षी, रॉक बँडवाल्या जॅक व्हाइटला घेऊन तिने 'व्हॅन लीअर रोझ' हा अल्बम केला. त्यातली गाणी पुन्हा तिने स्वतः लिहिलेली होती. त्याला दोन ग्रॅमी मिळाली. 2013 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी तिला 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' दिलं. 2017 मध्ये पक्षाघाताचा झटका आला, पुढच्या वर्षी खुबा मोडला. 4 ऑक्टोबर 2022 ला ती हरिकेन मिल्सच्या घरी झोपेतच गेली, नव्वद वर्षांची होऊन.

जायच्या दीड वर्ष आधी, मार्च 2021 मध्ये, तिचा शेवटचा अल्बम आला. त्यात तिने 1960 चं ते पहिलं गाणं पुन्हा गायलं आहे. आणि 'कोल मायनर्स डॉटर' आहे, पण गाऊन नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांची लोरेटा ते नुसतं बोलून दाखवते, जेवताना शेजारी बसून कोणी घरची हकीकत सांगावी तसं. त्या सबमिशनच्या रात्री मी जे ऐकत होते ते हेच. गोष्ट सांगून संपल्यावर रूममेटने हेडफोनचं एक टोक मागून घेतलं, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "पुन्हा लाव."